फ्रीसेल : बावन्न उघड्या पानांचा पेशन्स

पेशन्स म्हणजे एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा खेळ. घरोघरी लावला जाणारा सात रांगांचा पेशन्स बराचसा नशिबावर चालतो. पालथ्या पानांखाली काय दडलंय ते कळत नाही, आणि डाव अडला की पानं गोळा करून पुन्हा पिसायची, एवढंच हातात उरतं. फ्रीसेलमध्ये बावन्नच्या बावन्न पानं सुरुवातीपासून उघडी असतात. त्यामुळे डाव अडला तर कोणत्या चालीपाशी अडला हे मागे जाऊन शोधता येतं, आणि दुसऱ्यांदा तोच डाव सुटतो. पेशन्सच्या सगळ्या प्रकारांत डोक्याला एवढं काम देणारा आणि एवढा न्याय करणारा प्रकार दुसरा नाही.

मार्टिन गार्डनर यांनी जून 1968 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात सी. एल. बेकर यांचा एक पेशन्स छापला. त्यात पानं एकाच रंगावर, म्हणजे बदामावर बदाम अशी उतरत. 1978 मध्ये पॉल आल्फिल यांनी इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकावर त्यात एकच बदल केला : लालवर काळं, काळ्यावर लाल. तोच फ्रीसेल. पुढे जिम हॉर्न यांनी तो विंडोजसाठी लिहिला आणि विंडोज 95 सोबत तो घराघरांत पोचला. त्यात 32,000 क्रमांकित डाव होते. त्यांतला फक्त एक, क्रमांक 11982, सुटत नाही. नंतर क्रमांक दहा लाखांपर्यंत वाढले, तेव्हा न सुटणारे एकूण आठ निघाले. म्हणजे तुमच्या पुढ्यात पडलेला डाव सुटणारा आहे असं धरूनच बसायचं.

नावांबद्दल आधी

इंदूरच्या मराठी घरांत पत्त्यांच्या दोन बोल्या चालतात. घरात बदाम, चौकट, किलवर, इस्पिक. शेजारची हिंदी बोलणारी मुलं खेळायला आली की तेच पान, ईंट, चिडी, हुकुम होतं. यात ‘पान’ या शब्दाचा घोळ होतो, कारण मराठीत पान म्हणजे कुठलाही पत्ता आणि हिंदीत म्हणजे बदाम. नवख्याला शिकवताना आधी हे सांगून टाका, नाहीतर ‘शेवटचं पान उचल’ म्हटल्यावर तो बदाम शोधत बसतो. या लेखात पान म्हणजे पत्ता. बदाम आणि चौकट लाल, किलवर आणि इस्पिक काळे. क्रम एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी, राजा. एक्का सगळ्यांत लहान.

पानं आणि जागा

जोकर काढून टाका आणि पानं मोजा. नुसती बावन्न भरली म्हणून थांबू नका. दोन जुने कॅट मिसळले असतील तर बावन्न भरतात, पण इस्पिक नव्वी दोन आणि चौकट पंजी नाहीच असंही असतं. चारही रंगांची तेरा-तेरा पानं वेगळी लावून बघा. हरवलेलं पान अर्ध्या डावात कळतं, तेव्हा फार जीवावर येतं.

साध्या कॅटचं पान साधारण 6.3 सेंटिमीटर रुंद आणि 8.9 सेंटिमीटर लांब असतं. आठ रांगा, मध्ये बोटभर जागा, वर खणांची (पान तात्पुरतं ठेवायच्या जागांची) आडवी ओळ, आणि रांग वाढली तर खाली जागा, असं सगळं धरून 65 बाय 55 सेंटिमीटर तरी मोकळी जागा हवी. रांग बऱ्याचदा दहा-अकरा पानांची होते. दोन पानांत अडीच सेंटिमीटर सोडले तर अकरा पानांची रांग 34 सेंटिमीटर भरते. जेवणाचं टेबल किंवा जमिनीवर घट्ट ओढून घातलेली सतरंजी उत्तम. गादीवर लावू नका, कड दबली की पानं घसरतात.

इंदुरात एप्रिल-मेच्या दुपारी रामबागेत काय नि लोकमान्य नगरात काय, घरात कूलर चालू असतोच, आणि त्याचा झोत फ्रीसेलचा शत्रू आहे. एक रांग उडाली की पानांचा मूळ क्रम आठवत नाही. झोताकडे पाठ करून बसा. प्लॅस्टिकची पानं जड आणि गुळगुळीत असतात, ती पिसायला बरी. कागदी पानं कूलरच्या दमट हवेत मऊ पडून एकमेकांना चिकटतात आणि वाटताना दोन-दोन जातात.

पिसणं नीट हवं. पेशन्स सुटला की कॅट एक्क्यापासून राजापर्यंत रंगवार लागलेला असतो, आणि आपल्याकडे हातात धरून वरची पानं खाली टाकत पिसतात, त्यात रंगाचे गठ्ठे तसेच राहतात. गठ्ठ्यांचा डाव एकतर फार सोपा पडतो किंवा विचित्र अडतो. कॅटचे दोन भाग करून कडा एकमेकांत सोडायची पद्धत येत असेल तर सात वेळा करा. बायर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 मध्ये दाखवलं की त्या पद्धतीनं सातेक वेळा पिसल्यावर पानं पुरेशी मिसळतात. येत नसेल तर सगळी पानं सतरंजीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी मिनिटभर कालवा. दिसायला पोरकट, पण चोख काम होतं.

वाटप आणि नियम

सगळी पानं उघडी, डावीकडून उजवीकडे आठ रांगांत एकेक करत वाटा. सहा फेऱ्या पूर्ण झाल्या की चार पानं उरतात, ती पहिल्या चार रांगांवर. म्हणजे पहिल्या चार रांगांत सात-सात, पुढच्या चारांत सहा-सहा. प्रत्येक पान आधीच्या पानावर थोडं खाली सरकवून ठेवा, खालच्याचा आकडा आणि रंग दिसला पाहिजे. तुमच्या बाजूचं शेवटचं पान ते टोकाचं पान. खेळता येतं ते फक्त टोकाचं.

रांगांच्या वर डावीकडे चार पानांची जागा सोडा, ते चार खण. एका खणात एकच पान, कुठलंही. उजवीकडे चार घरं, प्रत्येक रंगाचं एक. बदाम सात खेळणाऱ्यांना सातपासून दोन्हीकडे लावायची सवय असते. इथे घर एक्क्यापासूनच उघडतं आणि राजापर्यंत वरच चढतं. चारही घरं राजापर्यंत भरली की डाव सुटला.

टोकाचं किंवा खणातलं पान दुसऱ्या रांगेच्या टोकावर जातं, पण एकानं लहान आणि उलट रंगाचं असेल तरच : काळ्या नव्वीवर लाल अठ्ठी, लाल राणीवर काळा गुलाम. रिकाम्या झालेल्या रांगेत कुठलंही पान ठेवता येतं, राजाच हवा असं नाही. सात रांगांच्या पेशन्सची सवय असलेले इथे नेमके चुकतात. रांग रिकामी झाली की हात आपोआप राजा शोधतो.

एका वेळी किती पानं हलतात

नियमानं एका वेळी एकच पान हलतं. चार-पाच पानांची लागलेली माळ ‘एकदम’ हलवणं म्हणजे तीच पानं खणांतून आणि रिकाम्या रांगेतून एकेक करून नेणं, फक्त वेळ वाचवून. म्हणून किती पानं नेता येतील याचा हिशोब पाठच हवा. रिकाम्या खणांच्या संख्येत एक मिळवा. एक रांग रिकामी असेल तर त्याची दुप्पट, दोन असतील तर चौपट. माळ रिकाम्या रांगेतच न्यायची असेल तर ती रांग हिशोबात धरायची नाही.

चारही खण रिकामे, रांग एकही रिकामी नाही : पाच पानं. दोन खण आणि एक रांग : सहा. खण सगळे भरलेले आणि एक रांग रिकामी : दोन. चार खण आणि एक रांग : दहा. या आकड्यांकडे नीट बघा. खण एकेक पान वाढवतो, रांग सगळं दुप्पट करते. फ्रीसेलची सगळी विद्या यात आहे. खणासाठी रांग देऊ नका, रांगेसाठी खण जरूर द्या.

हे हातानं करून बघितल्याशिवाय पटत नाही. चार पानं काढा : इस्पिक नव्वी, बदाम अठ्ठी, किलवर सत्ती, चौकट छक्की, अशी माळ लावा. शेजारी बदाम दश्शी ठेवा. एकच खण आणि एकच रांग रिकामी आहे असं माना. आता छक्की खणात. सत्ती रिकाम्या रांगेत. छक्की सत्तीवर, खण मोकळा. अठ्ठी खणात. नव्वी दश्शीवर. अठ्ठी नव्वीवर. छक्की परत खणात. सत्ती अठ्ठीवर. छक्की सत्तीवर. नऊ चालींत चार पानं गेली आणि खण नि रांग दोन्ही पुन्हा रिकामे. असं तीन-चारदा केलंत की पुढे मोजावं लागत नाही.

एक डाव शेवटपर्यंत

आता खालचा डाव टेबलावर लावा. प्रत्येक रांग वरून टोकाकडे वाचायची.

रांग 1 : चौकट गुलाम, चौकट राजा, इस्पिक दुर्री, किलवर चव्वी, इस्पिक तिर्री, चौकट छक्की, इस्पिक छक्की
रांग 2 : चौकट दुर्री, किलवर राजा, इस्पिक राजा, किलवर पंजी, चौकट दश्शी, इस्पिक अठ्ठी, बदाम नव्वी
रांग 3 : किलवर नव्वी, इस्पिक नव्वी, चौकट नव्वी, इस्पिक दश्शी, इस्पिक चव्वी, चौकट अठ्ठी, बदाम दुर्री
रांग 4 : किलवर गुलाम, इस्पिक पंजी, चौकट राणी, बदाम राणी, बदाम दश्शी, इस्पिक राणी, बदाम छक्की
रांग 5 : चौकट पंजी, चौकट एक्का, इस्पिक गुलाम, बदाम चव्वी, बदाम अठ्ठी, किलवर छक्की
रांग 6 : बदाम सत्ती, किलवर राणी, इस्पिक एक्का, किलवर एक्का, किलवर दुर्री, चौकट तिर्री
रांग 7 : किलवर सत्ती, बदाम राजा, बदाम एक्का, चौकट चव्वी, बदाम गुलाम, किलवर अठ्ठी
रांग 8 : बदाम पंजी, बदाम तिर्री, किलवर तिर्री, इस्पिक सत्ती, चौकट सत्ती, किलवर दश्शी

पहिली दोन मिनिटं हात मागे ठेवा. एक्के आणि दुर्र्या कुठे आहेत, प्रत्येकावर किती पानं आहेत ते बघा. सहाव्या रांगेत दोन एक्के आणि एक दुर्री एकाखाली एक, वर फक्त चौकट तिर्री. सुरुवात तिथूनच. चौकट दुर्री मात्र दुसऱ्या रांगेच्या तळाशी, म्हणजे सगळ्यांत आधी वाटलेली, वर दोन राजे. म्हणजे चौकटचं घर उशिरा भरणार आणि चौकट तिर्री खणात बराच वेळ राहणार. हा खर्च आत्ताच मनात धरा.

चौकट तिर्री खणात, किलवर दुर्री खणात. किलवर एक्का घरी, त्यावर दुर्री, मग इस्पिक एक्का घरी. खणात एकच पान आणि सहाव्या रांगेच्या टोकावर किलवर राणी.

आता चाली आपोआप लागतात. किलवर अठ्ठी बदाम नव्वीवर. बदाम गुलाम किलवर राणीवर. आठव्या रांगेतली किलवर दश्शी त्या गुलामावर. चौकट सत्ती किलवर अठ्ठीवर. चौकट चव्वी खणात, बदाम एक्का घरी, तिसऱ्या रांगेतली बदाम दुर्री घरी. इस्पिक सत्ती चौकट अठ्ठीवर. किलवर तिर्री आणि बदाम तिर्री घरी. चौथ्या रांगेतली बदाम छक्की इस्पिक सत्तीवर, तिच्याखालून निघालेली इस्पिक राणी बदाम राजावर.

इथे थांबा. आठव्या रांगेत एकटी बदाम पंजी उरली आहे, आणि ती पहिल्या रांगेतल्या इस्पिक छक्कीवर ठेवली की रांग लगेच रिकामी होते. हाच मोह आहे. पहिल्या रांगेत इस्पिक दुर्री अडकली आहे, तिच्यावर आणखी ओझं कशाला? त्याऐवजी पाचव्या रांगेतली किलवर छक्की चौकट सत्तीवर न्या, बदाम अठ्ठी खणात ठेवा. बदाम चव्वी मोकळी झाली, ती घरी. मागोमाग पंजी घरी, तिसऱ्या रांगेतली छक्कीही घरी. आठवी रांग रिकामी झाली आणि कुणाच्या डोक्यावर काही ठेवावं लागलं नाही. खणात आता चौकट तिर्री, चौकट चव्वी, बदाम अठ्ठी.

चौथ्या रांगेतली बदाम दश्शी उरलेल्या खणात, इस्पिक गुलाम बदाम राणीवर, दश्शी परत गुलामावर. चौकट एक्का घरी. चौकट पंजी किलवर छक्कीवर. पाचवी रांगही रिकामी.

आता पहिली रांग खणायची. इस्पिक छक्की पाचव्या रांगेत, चौकट छक्की इस्पिक सत्तीवर, इस्पिक तिर्री शेवटच्या खणात. किलवर चव्वी घरी, इस्पिक दुर्री आणि तिर्री घरी. चौकट राजा टोकाला आला. त्यावर सहाव्या रांगेतली किलवर राणी, बदाम गुलाम, किलवर दश्शी ही माळ न्या. एक खण आणि एक रांग रिकामी आहे, चारपर्यंत पानं चालतात, आपल्याला तीनच हवीत. खालून बदाम सत्ती निघाली, ती घरी, खणातली अठ्ठीही घरी.

तिसऱ्या रांगेतली चौकट अठ्ठी, इस्पिक सत्ती, चौकट छक्की ही माळ रिकाम्या सहाव्या रांगेत. इस्पिक चव्वी घरी. आता इस्पिक दश्शीवर दुसऱ्या रांगेतली बदाम नव्वीपासून चौकट पंजीपर्यंतची पाच पानांची माळ न्या. दोन खण, एक रांग, म्हणजे सहापर्यंत मुभा. मग चौकट पंजी तात्पुरती इस्पिक छक्कीवर, इस्पिक अठ्ठी आणि चौकट दश्शी खणांत. खण चारही भरले, पण घाबरायचं कारण नाही, कारण लगेच किलवर पंजी आणि छक्की घरी जातात. चौकट पंजी आठव्या रांगेत, इस्पिक छक्की चौकट सत्तीवर, पंजी तिच्यावर. पाच आणि आठ दोन्ही रिकाम्या. इस्पिक राजा पाचव्या रांगेत, किलवर राजा आठव्या. चौकट दुर्री अखेर हाताशी आली : दुर्री, खणातली तिर्री आणि चव्वी, मग पंजी, छक्की, सगळ्या घरी. पुढे बदाम राणीची माळ इस्पिक राजावर, चौकट राणी किलवर राजावर, इस्पिक पंजीपासून अठ्ठीपर्यंत घरी. उरलेलं तुम्हाला दिसेलच.

कुठे बिघडतं

सगळ्यांत जास्त डाव पहिल्या दहा चालींत हरतात. समोर दिसेल ती जोडी लावत जायची आणि अडलं की पान खणात, असं केलं की तीन खण भरतात नि त्यांतलं एकही पान लवकर सुटणारं नसतं. खणात पान ठेवताना ते कोणत्या चालीनंतर बाहेर येणार याचं उत्तर आधी हवं. वरच्या डावात बदाम अठ्ठी खणात गेली तेव्हा सत्ती सहाव्या रांगेच्या तळाशी आहे आणि तिच्यावरची माळ चौकट राजावर जाईल, हे दिसत होतं.

घरी पाठवायची घाई ही दुसरी चूक. घरी गेलेलं पान परत आणायचं नाही असाच नेम ठेवा. लाल छक्की घरी गेली तर काळ्या पंजीला बसायला एक जागा कमी होते. एक पक्का ठोकताळा आहे : उलट रंगाची, एकानं लहान दोन्ही पानं घरी गेली असतील तर पान निर्धास्त पाठवा. नसतील तर विचार करून. आपण बदाम छक्की दोन्ही काळ्या पंज्या बाहेर असताना पाठवली, पण त्या दोन्ही खोल गाडलेल्या होत्या, तेव्हा चाललं.

रिकाम्या रांगेत राजा बसवणं वाईट नाही. पण ज्याच्यावर लगेच राणी येणार नाही असा राजा बसवला की रांग कायमची गेली असं समजा.

डाव अडला तर लगेच मोडू नका. वाटप झाल्याबरोबर फोननं वरून एक फोटो काढून ठेवत जा. आठही रांगांचे आकडे वाचता येतील एवढा जवळून. अडल्यावर पानं फोटोप्रमाणे पुन्हा लावायला पाचेक मिनिटं लागतात. मग ज्या चालीला तिसरा खण भरला तिथपर्यंत खेळा आणि तिथे दुसरी चाल शोधा. चूक बहुतेक वेळा त्याच्या थोडं आधीच असते.

असे वीसेक डाव हातानं सुटले की तीनच खण ठेवून खेळून बघा. किंवा बेकर यांचा मूळ पेशन्स लावा : वाटप तेच, खण चार, फक्त बदामावर बदाम आणि इस्पिकवर इस्पिक. प्रत्येक पानाला दोनाऐवजी एकच जागा उरते, आणि रिकाम्या रांगेची किंमत तिथे खरी कळते.